सासुरवाडीला गेलेला समुद्र

आम्ही कॅराव्हॅन घेऊन वेळशेतला पोचलो तेव्हा समुद्र सासुरवाडीला गेला होता.

रस्ता जिथे वाळूला लागतो तिथे ग्रामपंचायतीची पाटी होती. 'अधिक महिन्यानिमित्त येथील समुद्र सासुरवाडीस गेला आहे. पर्यटकांनी सहकार्य करावे.' पाटीपलीकडे वाळू होती, तिच्यापुढे आणखी वाळू, आणि तीत होड्या कुशीवर पडून राहिल्या होत्या. एका होडीच्या सावलीत दोन माणसं पत्ते खेळत होती.

ज्यांच्या माडाच्या बागेत आमची गाडी उभी राहणार होती ते तारीकाका विजेची वायर खांद्यावर टाकून आले.

"पंचांग न बघता बुकिंग केलंत होय?" त्यांनी विचारलं.

"हवामान बघितलं होतं," श्रीरंग म्हणाला. श्रीरंग म्हणजे माझा नवरा. लग्न होऊन दोन महिनेही झाले नव्हते, त्यामुळे त्याच्या चुका मला अजून गोड वाटत होत्या.

"हवामान ठीकच आहे. समुद्र नाही."

"कधी येईल?" मी विचारलं.

"जावई माणूस. सोडतील तेव्हा."

मी वाशिमची. समुद्र मी कधीच पाहिला नव्हता. म्हणून तर श्रीरंगने ही चाकांवरची खोली भाड्याने आणली होती: पलंग, ओटा, मोरी, आणि पलंगाला लागून मोठी खिडकी. खिडकी उघडली की समोर समुद्र, असं कबूल झालं होतं. गाडी रविवारी परत करायची होती आणि पुढची रजा थेट दिवाळीत.

"शेजारच्या गावी समुद्र आहे," तारीकाका वायर जोडत म्हणाले. "पण तो त्यांचा. उतरायचं आमच्याकडे आणि बघायचा त्यांचा, हे काही बरं दिसत नाही."

मला ते पटलं.

इथल्या समुद्राची बायको म्हणजे कमळी नदी. तिचं माहेर वर, घाटमाथ्यावर, म्हाळसाबाई झोऱ्यांच्या परसात. तिथल्या झऱ्यात तिचा जन्म झाला. दर तिसऱ्या वर्षी अधिक महिन्यात म्हाळसाबाई लेक-जावयाला बोलावतात. नदी पुढे आणि समुद्र मागे, असे दोघं तिच्याच पात्रातून वर चढून जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वायर काढली, ओट्यावरची भांडी कपाटात कोंबली आणि त्यांच्या मागे निघालो. रस्त्याच्या कडेने नदीचं पात्र येत होतं. कोरडं, पण मधूनमधून शिंपले पडलेले.

समुद्र अंगणात बसला होता. खाली घोंगडी अंथरलेली, पुढ्यात पाट, पाटाभोवती रांगोळी. लाटा त्याने सगळ्या आवरून घेतल्या होत्या. अंगण तसं लहानच, पण कुणाला पाय लागू नये अशा बेताने तो त्यात मावला होता. वेळशेतला त्याला सगळे 'तो' म्हणत. इथे अहोजाहो चाललं होतं.

"आणखी एक धोंडा घ्या," म्हाळसाबाई म्हणाल्या.

"नको. पुरे," समुद्र म्हणाला.

"लाजताय काय? तुमच्यासाठी आमटीत मीठ घातलं नाही. तुम्ही नुसतं बोट बुडवा, साऱ्या पंगतीचं भागतं."

त्याने बोट बुडवलं. मग म्हाळसाबाईंचं लक्ष श्रीरंगकडे गेलं. "हे पण कुणाचे तरी जावईच की. बसा, बापू." श्रीरंग समुद्राशेजारी पाटावर बसला आणि दोघंही सारखेच अवघडून ताटाकडे बघू लागले. गेल्या आठवड्यात वाशिमला माझ्या आईसमोर श्रीरंग असाच बसला होता. "नको, पुरे" याखेरीज काही बोलला नाही, आणि नंतर बॅगेतली बिस्किटं खाल्ली.

खरं तर माझं काम तिथेच झालं असतं. समुद्र दिसला होता. पण सासुरवाडीत बसलेल्या पुरुषावरून काही कळत नाही, एवढं मला दोन महिन्यांत समजलं होतं. मला तो त्याच्या घरी बघायचा होता.

"यांना कधी सोडणार?" मी म्हाळसाबाईंना हळूच विचारलं.

"मी कुठं धरून ठेवलंय? लेक निघाली की जावई निघाले. लेकीशिवाय त्यांना एकटं पाठवलं तर लोक काय म्हणतील? आणि ती काही हलत नाही बघ."

कमळी मागच्या ओसरीवर पाय पसरून, केस मोकळे सोडून बसली होती. केसांतून एक मासा खाली पडला, तो तिने न बघता परत वर ठेवला.

"सासरी जायचं नाही?" मी विचारलं.

"जायचंय गं. नवरा बरा आहे. खारट आहे, पण बरा आहे." तिने अनारसा मोडून अर्धा मला दिला. "मला तो घाट नको वाटतो. जन्मभर पायी उतरते. प्रत्येक कड्यावर आपटते. खाली लोक फोटो काढतात, म्हणतात काय सुंदर धबधबा. माझी कंबर जाते ती कुणाला दिसते?"

"कुणी कधी गाडीतून नेलं नाही?"

"मला कोण नेणार?"

मी आमची गाडी दाखवली. ती सावरून बसली.

श्रीरंगला मी बाजूला घेऊन सांगितलं. तो तीन धोंडे खाऊन आला होता, त्यामुळे आधी त्याने पट्टा सैल केला.

"गादी भिजेल, केतकी. मालक काय म्हणेल?"

"ती गादीवर नाही बसणार. मोरीत पाय सोडून बसेल."

"आणि हे?" त्याने समुद्राकडे मान वळवली.

"ते पायी येतील. पात्र रिकामंच आहे."

समुद्राला विचारलं. "चालेल," तो म्हणाला. तिथे तो कशालाही चालेलच म्हणत होता.

म्हाळसाबाईंनी लेकीची ओटी भरली, माझीही भरली, अनारशांचा डबा दिला आणि डोळ्यांना पदर लावला. निघताना त्यांनी कमळीच्या हातात लिंबू ठेवलं. "घाटात गाडी लागली तर हुंग."

"आई, ही वळणं माझीच आहेत," कमळी म्हणाली. "मला कशी लागतील?"

श्रीरंगला लागली. लिंबू त्याने हुंगलं. कमळी मोरीतून पलंगाच्या खिडकीपर्यंत डोकं काढून बसली होती. "हा बघ, हा माझा कडा. इथून खाली किती छान दिसतं. मला कधी बघायला वेळच मिळाला नाही." एका वळणाला पलीकडे पात्रातून समुद्र उतरताना दिसला. चपला हातात धरून माणूस उतरतो तसा, जपून.

वेळशेतला आम्ही त्याच्या आधी पोचलो. मी दार उघडलं. कमळी उतरेना.

"मी उतरले की तो येईल, मग रोजचं सुरू होईल," ती म्हणाली. "त्याआधी एकदा बाजारातून फिरवून आणा."

ऊन कलत होतं आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी घड्याळाकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. "चल," मी श्रीरंगला म्हटलं.

आम्ही बाजारातून फिरलो. कमळीने बांगड्यांच्या दुकानापुढे गाडी हळू करायला लावली, एसटी स्टँड पाहिला, शाळा पाहिली. लोक हात करत होते. तिने सगळ्यांना हात केला. मग ती आपणहून म्हणाली, "बास. आता सोडा."

खाडीच्या तोंडाशी ती उतरली. साडी सारखी करावी तसं तिने पाणी सारखं केलं आणि वाळूत शिरली. थोड्या वेळाने मागून समुद्र आला. त्याने इकडे तिकडे पाहिलं, सासरचं कुणी नाही याची खात्री केली, आणि अंग सोडलं.

तो सगळीकडे पसरला. होड्या उभ्या राहिल्या, पत्तेवाले पत्ते उचलून पळाले. पहिली लाट माझ्या गुडघ्यांपर्यंत आली, दुसरी कमरेपर्यंत, आणि नवी साडी गेली ती गेलीच. मी पाहत राहिले. दिसायला तो सांगतात तसाच होता. मोठा, निळसर, कडेला पांढरा. पण असा बोलका असेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. अंधार पडेपर्यंत त्याचं एकच चालू होतं: तिथे कसं वाढतात, नको म्हटलं तरी कसं वाढतात, पाय कसे आखडतात, मिठाशिवाय आमटी कशी लागते. एक लाट संपली की दुसरी तेच पुन्हा सांगायची.

श्रीरंग पँट दुमडून पाण्यात उभा होता आणि प्रत्येक लाटेला "अगदी, अगदी" म्हणत होता.