लाल दिव्याखालच्या तीन वाट्या

भास्करनानांच्या स्वयंपाकघरात भर दुपारी लाल दिवा लागतो. खिडक्यांना काळे कागद. ओट्यावर तीन वाट्या, प्रत्येकीवर एक आकडा, आणि हातात पेन घेऊन नाना तुमच्या तोंडाकडे बघत उभे. सुरतच्या डिंडोलीतल्या आमच्या गल्लीतली पोरं त्या दारावरून पळतच जातात.

नाना मूळचे धुळ्याकडचे. सुरतेत एका फरसाणाच्या कारखान्यात त्यांचं काम एकच: माल लोकांना चाखायला द्यायचा आणि गुण लिहून घ्यायचे. एक म्हणजे अजिबात आवडलं नाही, पाच म्हणजे ना आवड ना नावड, नऊ म्हणजे फारच आवडलं. रंग बघून मत बनू नये म्हणून लाल दिवा. निवृत्त झाले, तरी आकडे सुटले नाहीत. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांना गाठलं.

"जिलबी किती?"

"दोन घेतल्या," व्याही ओशाळून म्हणाले.

"तसं नाही हो. नऊपैकी किती?"

नानांच्या पत्नी इंदूवहिनींना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी नाना मला बोलावतात. गेल्या रविवारी वांग्याचा रस्सा होता. पहिली वाटी साधी. चूळ भरली. दुसरीही साधीच. तिसरीचा घोट घेतला आणि माझ्या अंगावर काटा आला. तो वहिनींच्या हातचा रस्सा होता. मी चक्क वळून शेगडीकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं, पण आत्ताच कोणीतरी बाजूला झाल्यासारखं वाटलं. मला उठून जावंसं वाटलं.

"किती?"

"नऊ," मी घाईने म्हणालो.

"खरं सांग."

पुन्हा चाखलं. चव तीच, पण विरलेली. "सात. नाना, हे काय आहे?"

"तिना मसाला शे." अहिराणी ते फक्त वहिनींशी बोलत.

जाण्याआधीच्या उन्हाळ्यात वहिनींनी कुटलेला मसाला. नाना महिन्याला एक चमचा काढत; आजवर तो आमटी-उसळीत मिसळलेला, म्हणून मला ओळखू आला नव्हता. त्यांनी वही उघडली. माझेच गुण: सुरुवातीचे महिने नऊ, नऊ, पुढे आठ, आठ, आज सात.

"तुम्हीच चाखून बघा ना."

"माले काहीच लागत नही," नाना म्हणाले. मग हळूहळू सांगू लागले. चार वर्षांपूर्वी तापात त्यांची चव गेली, वासही गेला. वहिनींना त्यांनी कळू दिलं नाही. रोज जेवून 'नऊ' म्हणायचे. एकदा वहिनींनी भाजीत मीठच घातलं नाही. नाना नऊच म्हणाले, आणि मग त्यांनी वहिनींना स्वतःच्या ताटात मीठ घेताना पाहिलं.

"मग?"

"दुसऱ्या दिवसापासून वाढताना आपणहून सांगायला लागली. आज जरा तिखट झालंय. आज चिंच जास्त पडलीय."

त्यांनी वही मिटली. मी उठून खिडकीचा कागद काढला. दोन ताटांत भाकरी घेतली, तिसऱ्या वाटीतला रस्सा दोघांनाही वाढला आणि समोर बसलो.

"आधी खोबरं लागतंय, नाना," मी म्हणालो. "तिखट मागून येतंय. सावकाश."

नानांनी घास घेतला आणि ते थांबून राहिले, तिखट यायची वाट बघत.