सप्रेम नमस्कार, पुढे ट्रेलर आडवे आहेत

माणसाचा सुसंस्कृतपणा त्याच्या शिक्षणावर किंवा घराण्यावर अवलंबून नसतो. पुढची गाडी किती वेळ हललेली नाही, यावर तो अवलंबून असतो. पहिली दहा मिनिटं सगळेच सुसंस्कृत असतात. नंतर मतभेद सुरू होतात. मोशी ते चाकण या पट्ट्यात या विषयाच्या अभ्यासाला भरपूर वाव आहे आणि वेळही भरपूर मिळतो.

हा अभ्यास एका जागी गोळा करण्याचं श्रेय संत तुकाराम नगरच्या श्यामराव ढमाल्यांकडे जातं. ते चाकणच्या एका कंपनीत खरेदी विभागात होते आणि ‘आज कुठून जायचं?’ नावाचा ब्लॉग चालवत. रोज सकाळी ते त्यावर एक छोटासा लेख टाकत. त्यात आकाश, हवा आणि कर्तव्य यांचा उल्लेख असे. तो लेख कोणी वाचत नसे. लोक थेट खाली प्रतिक्रियांवर उतरत. मोबाइलच्या नकाशावर रस्ता लाल दिसतो, पण तो का लाल आहे आणि किती वेळ लाल राहणार, हे नकाशाला सांगता येत नाही. त्याला माणूस लागतो, आणि तोही चिडलेला.

उदाहरणार्थ, नांदेडकडून येऊन कुरुळीत खोली करून राहिलेला समाधान नावाचा कामगार पहाटेच्या शिफ्टला जाताना लिही : “आळंदी फाटा जाम. ट्रेलर फसलाय. (तीन शब्द) निघोज्याकून मरा.” एवढं वाचून चारपाचशे लोक निघोज्यावरून जात आणि वेळेवर हजेरी लावत. (या कथेत जिथे शब्द गाळले आहेत, तिथे ते वाचकांविषयीच्या आदरापोटी गाळले आहेत.)

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना श्यामरावांच्या सईचं लग्न ठरलं.

मुलगा निमिष माणचा, तिथल्याच आयटी पार्कात नोकरीला. त्याच्या आई इंदुताई एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना मुलगी पसंत पडली, घर पसंत पडलं, पत्रिकाही जुळली. मग होणारे व्याही लिहितात म्हणून त्यांनी मोठ्या कौतुकाने ब्लॉग उघडला. लेख वाचला. (तो संपूर्ण वाचणाऱ्या त्या पहिल्याच.) मग त्या खाली उतरल्या.

तीस वर्षं पेपर तपासलेल्या बाई त्या. त्यांनी शंभर प्रतिक्रियांचा नमुना घेऊन वर्गवारी केली. त्यांपैकी एकसष्ट निरनिराळ्या अधिकाऱ्यांच्या मातोश्रींविषयी होत्या, बावीस कंटेनरचालकांच्या भगिनींविषयी, आणि उरलेल्या सतरांत रस्त्याचा उल्लेख होता, तोही जाता जाता. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सर्वत्र होत्या.

श्यामरावांना बोलावून त्यांनी शांतपणे विचारलं की, तुमच्या ओट्यावर बसून माणसं असं बोलतात आणि तुम्ही आत हवेवर लेख लिहिता, हे कसं काय? श्यामरावांनी घाबरून प्रतिक्रिया बंदच करतो म्हटलं. ताईंना ते पटलं नाही. मुलं बोलतात म्हणून वर्ग बंद करत नाहीत. वाचकाला आल्याबरोबर आपलं स्वागत झालंसं वाटलं पाहिजे आणि जाताना आपला आदर राखला गेला असं वाटलं पाहिजे. वेळ आपल्याकडे आहे, तेव्हा प्रत्येक प्रतिक्रिया आपण स्वतः तपासू आणि मगच ती छापली जाईल, असं त्यांनी सांगितलं.

वरमाईला नाही म्हणण्याची पद्धत आपल्याकडे अद्याप विकसित झालेली नाही. श्यामरावांनी त्यांना ‘प्रतिक्रिया परीक्षक’ नेमलं आणि किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, स्वाधीन केल्या.

नियम थोडेच होते. प्रतिक्रियेची सुरुवात संबोधनाने व्हावी. नवा वाचक आला की निदान तिघांनी त्याचं स्वागत करावं आणि तोवर रस्त्याचा विषय काढू नये. तक्रार करायची असल्यास आधी त्या रस्त्याविषयी एक चांगली गोष्ट सांगावी. वाहन आपलं असो वा दुसऱ्याचं, त्याचा उल्लेख आदरार्थी बहुवचनी करावा. प्रतिक्रिया ताईंची अंघोळ, पूजा आणि चहा झाल्यावर तपासल्या जातील.

महिनाभरात कायापालट झाला. समाधानची मंजूर झालेली पहिली प्रतिक्रिया अशी होती : “आदरणीय श्यामराव व समस्त वाहनचालक बंधू-भगिनींनो, सप्रेम नमस्कार. आळंदी फाट्यावरील रस्ता रुंद असून त्यावरील पांढरे पट्टे मनोवेधक आहेत. अशा या रस्त्यावर पहाटेपासून एक ट्रेलर आडवे होऊन विश्रांती घेत आहेत. त्यांना त्रास न देता शक्य असल्यास निघोजे मार्गाचा विचार व्हावा, ही नम्र विनंती.” पहाटे पाठवलेली ही प्रतिक्रिया साडेनवाला प्रसिद्ध झाली. तोवर ट्रेलर विश्रांती आटोपून निघून गेले होते. पण ती वाचून प्रसन्न वाटत होतं, हे कोणीही मान्य करील.

प्रतिक्रियांची संख्या घटली आणि दर्जा वाढला. शिव्यांचं प्रमाण शून्यावर आलं. उशिरा पोचणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, पण उशिरा पोचणाऱ्यांची भाषा पूर्वीपेक्षा कितीतरी शुद्ध होती. एका नव्या वाचकाने लिहिलं की, आपल्या स्वागताने मी भारावून गेलो, त्यात माझा हाफ डे गेला. यातलं पहिलं वाक्य मंजूर झालं.

श्यामरावांना ब्लॉगचं काय होतंय ते दिसत होतं. घरी ते हळूच म्हणाले की, ताईंशी वेळेबद्दल एकदा बोलावं का? त्यांच्या पत्नी पद्माताई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणंही थांबवलं नाही.

“सईचं लग्न होईपर्यंत राहू दे तो रस्ता तसाच,” त्या म्हणाल्या.

इंदुताईंना या कामात एकच माणूस पुरून उरला. त्याचं नाव मालोजी. हा कुरुळीचा जुना गाववाला. रस्त्याकडेच्या जमिनीवर त्याने चार मजली इमारत बांधून खोल्या भाड्याने दिल्या होत्या. हाताला दुसरं काम नसल्याने तो दिवसभर गच्चीवर खुर्ची टाकून हमरस्ता बघे आणि दिसेल ते लिही. त्याची प्रत्येक प्रतिक्रिया ताई परत पाठवत : “आशय योग्य. भाषा सुधारावी. पुन्हा पाठवणे.” दुसरा असता तर रागावून गेला असता. मालोजी पुन्हा पाठवी. ताई पुन्हा परत करत. इतका चिकाटीचा विद्यार्थी नोकरीत आपल्याला कधी लाभला नाही, असं त्यांनी पतीला, दौलतरावांना, एकदोनदा बोलूनही दाखवलं होतं.

साखरपुड्याचा मुहूर्त शुक्रवारचा निघाला. ढमाल्यांची भावकी खेडकडची, म्हणून कार्यालय चाकणच्या पुढे घेतलं होतं. त्या सकाळी इंदुताई साडीच्या निऱ्या घालत होत्या तेव्हा फोन वाजला. मालोजीची प्रतिक्रिया होती : “कुरुळीत ट्रेलरनं टँकर दाबलाय. दुपारपत्तूर हलत न्हाई. इकडं कोनीबी येऊ नका (दोन शब्द).” ताईंनी एका हाताने निऱ्या धरल्या आणि दुसऱ्या हाताने शेरा लिहिला : “संबोधन नाही. रस्त्याची चांगली बाजू नाही. पुन्हा पाठवणे.” मग ओटीचं सामान आणि सईसाठी घेतलेली अंगठी घेऊन त्या पुढच्या गाडीने निघाल्या. नवरदेवाचा न्हावी उशिरा आल्यामुळे निमिष आणि दौलतराव मागाहून दुसऱ्या गाडीने निघणार होते.

वाटेत मालोजीची प्रतिक्रिया आणखी चारदा आली आणि चारदा परत गेली. चिंबळी फाटा ओलांडला आणि कुरुळीच्या तोंडाशी गाडी थांबली. पुढे ट्रक, मागे ट्रक, दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या बसगाड्या. पहिली दहा मिनिटं ताई अर्थातच सुसंस्कृत होत्या. तासाभराने ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि तो उन्हात जाऊन उभा राहिला. दीड तास झाला तेव्हा ताईंपुढे मुहूर्ताहूनही निकडीचा एक प्रश्न उभा राहिला. तो त्यांच्या वयाच्या बाईला ड्रायव्हरसमोर मांडता येण्यासारखा नव्हता. त्या पर्स घेऊन उतरल्या आणि रस्त्याकडेच्या चार मजली इमारतीच्या तळमजल्याचं दार त्यांनी वाजवलं.

दार अंबुबाईंनी उघडलं. त्या घरधनीण होत्या. काही न विचारता त्यांनी ताईंना मोरीकडची वाट दाखवली. बाहेर आल्यावर पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. समोरच्या खाटेवर पांढऱ्या बनियनमधला एक जाडजूड गृहस्थ फोनवर बोट आपटत बसला होता.

“ताई, तुमी शिकल्याल्या दिसता,” तो मान वर न करता म्हणाला. “विनंतीतल्या ‘वि’ला पैली वेलांटी का दुसरी?”

ताईंनी पहिली सांगितली. मग तो आपणहून सांगू लागला की, सकाळधरनं लोकांना इकडं येऊ नका म्हणून सांगतोय, पण कुठली एक बाई आहे ती पास करत नाही. पाचदा लिहिलं, पाचदा परत आलं. आता आदरणीय घातलंय, सप्रेम घातलंय, रस्ता रुंद आहे हेही घातलंय. बाई वाईट नसावी, पण तिला या रस्त्याने कधी कुठं जावं लागत नसावं.

त्याने बटण दाबलं. इंदुताईंच्या पर्समध्ये टिंग झालं.

मालोजीने पर्सकडे पाहिलं, मग ताईंकडे. आयुष्यात प्रथमच इंदुताईंना वर्गाबाहेर उभं केल्यासारखं वाटलं. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही आलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल.

“ती बाई मीच,” त्या म्हणाल्या.

मालोजीने अंबुबाईंना च्या टाकायला सांगितला आणि खाट सोडून तो ताईंच्या समोर येऊन बसला.

“बरं झालं,” तो म्हणाला. “आता काय चुकलंय त्ये समोरच सांगा.”

ताईंनी फोन काढून प्रतिक्रिया वाचली. संबोधन होतं, नमस्कार होता, पट्टे मनोवेधक होते. अपघाताची बातमी सातव्या ओळीत होती. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. नजर जाईल तिथपर्यंत गाड्यांचे टपच टप होते. कंपनीच्या एका बसमधली कामगार मुलं गणवेशातच खाली उतरून दुभाजकावर बसली होती. शिफ्ट कधीच सुरू झाली होती. आपला निमिष याच रस्त्याला लागणार, हे त्यांना तेव्हा आठवलं.

“चूक काही नाही,” त्या म्हणाल्या. “पण लांब झालंय. सकाळी पहिल्यांदा काय लिहिलं होतंत?”

मालोजीने ते सांगितलं. आता अनुभव वाढलेला असल्याने मूळच्या दोन शब्दांचे सात झाले होते. ताईंनी ते स्वतःच्या फोनवर जसंच्या तसं उतरवलं. त्यातला एक शब्द लोक नेहमी ऱ्हस्व लिहितात, तो त्यांनी दीर्घ केला. आठवा शब्द त्यांनी आपला घातला. तो ऐकून अंबुबाई कपबशी घेऊन दारातच थांबल्या. मजकूर परीक्षकांच्या फोनवरून गेल्याने तपासणीला थांबला नाही. ‘इंदुताई, प्रतिक्रिया परीक्षक’ या नावाखाली तो तत्क्षणी प्रसिद्ध झाला.

ढमाल्यांच्या ब्लॉगवर इतक्या वेगाने कधी काही वाचलं गेलं नव्हतं. मोशीपासून गाड्या वळायला लागल्या. निमिष आणि दौलतराव वाकडपाशीच होते, ते तळवडे-म्हाळुंगेमार्गे वेळेत कार्यालयात पोचले. आपल्या पत्नीचा फोन चोरीला गेला असावा, असं दौलतरावांचं प्रामाणिक मत होतं. श्यामरावांनी मांडवात उभ्याउभ्या ते वाचलं आणि खुर्ची शोधली. पद्माताईंनी त्यांच्या हातून फोन घेतला, एकदा वाचलं, पुन्हा वाचलं आणि फोन परत दिला.

“माणसं चांगली आहेत,” त्या म्हणाल्या. “आपली सई राहील तिथे नीट.”

मुहूर्त टळून तासभर झाल्यावर मालोजीची मोटरसायकल कार्यालयाच्या दारात आली. मागे इंदुताई होत्या. ओटीची पिशवी मांडीवर, अंगठी मुठीत, केसांत शेताडातली धूळ. वाटेत आडव्या आलेल्या प्रत्येक वाहनाशी मालोजीने संवाद साधला होता आणि त्यातलं एकही वाक्य ताईंनी परत पाठवलं नव्हतं. अंगठी सईच्या बोटात गेली तेव्हा मालोजी पहिल्या पंगतीत बसला होता आणि कुणाशीही अत्यंत आदराने बोलत होता. (रस्ता मोकळा असला की तो तसाच बोलतो, असं नंतर कळलं.)

ब्लॉग आजही चालू आहे. सुधारणा मात्र मागे घेतली गेली नाही, कारण सुधारणा मागे घेणं इंदुताईंच्या स्वभावात बसत नाही. त्यांनी प्रतिक्रियांना दोन दारं केली. पहिल्याचं नाव ‘स्वागत कक्ष’. तिथे सगळे नियम लागू आहेत आणि परिसर अतिशय स्वच्छ आहे, कारण तिथे कोणी जात नाही. दुसऱ्याचं नाव ‘रस्ता’. तिथे मालोजी परीक्षक आहे आणि ताई केवळ शुद्धलेखन पाहतात.

त्या शुक्रवारी ताईंनी लिहिलेला मजकूर दुसऱ्या दारात अजून जपून ठेवला आहे. विशेषतः आठवा शब्द. तो इथे दिला असता, पण आपण सभ्य वाचक आहात, आणि इतका वेळ आपण केवळ वाहतुकीच्या काळजीपोटी वाचत आलात, याविषयी आम्हाला यत्किंचितही शंका नाही. तेव्हा आपल्यासाठी पहिलं दार उघडं ठेवलं आहे. आत या. आपलं मनःपूर्वक स्वागत आहे.