नानाजींच्या खुर्चीखालच्या फळ्या

अमरावतीच्या नानाजींनी मला अकरा वर्षं फसवलं. मला, म्हणजे अकोल्याच्या गुलाबराव मंडपवाल्याला! चार बांबू आणि दोन फाटक्या सतरंज्यांवर मी धंदा उभा केला. माझ्या भरघोस मिशांसमोर घासाघीस करताना भलेभले अडते टोपी सावरत उठून गेलेले आहेत. आता गुडघ्यांमुळे नानाजींनी नाट्यमंडळाचं सेक्रेटरीपद सोडलं आहे आणि "लिवा काय लिवाचं ते" असं स्वतःच म्हणाले आहेत, म्हणून लिहितो.

नानाजी नाटकाकडे पाठ करून बसत. पहिल्या रांगेच्याही पुढे एकट्याची खुर्ची, तोंड लोकांकडे, पायांत वहाण नाही. स्टेजवर नायिका रुसो की नायक खांबाआड लपो, हे आपले लोकांचे चेहरे न्याहाळत. कोणी विचारलं तर म्हणत, "नाटक मले पाठ आहे. पब्लिक दर वेळी नवं असते."

माणूस रिटायर्ड तारमास्तर. दसऱ्याला सोनं देण्याआधी हे येत्या सीझनचं हस्तपत्रक हातात ठेवत. चार फार्स, दोन संगीत नाटकं. रडकं एकही नाही. एकदा एका होतकरू लेखकानं शेवटी नायक मारला.

"हा काहून मेला?" नानाजींनी विचारलं.

"क्षयानं."

"मंग हवापालटाले चिखलदऱ्याले पाठवा त्याले. पुढच्या अंकात वापस आना अन् लगन लावून द्या."

नायक गुटगुटीत होऊन परतला आणि त्या नाटकाला तीन गावांतून बोलावणी आली.

माझं दुखणं होतं फळ्यांचं. नानाजींच्या अटी ऐकून अमरावतीच्या मंडपवाल्यांनी हात जोडले, तेव्हा ते माझ्याकडे आले. अट अशी की स्टेजच्या फळ्या समोरून चार हात वाढवायच्या आणि त्यांची खुर्ची त्याच फळ्यांवर मांडायची. खाली माती भरायची नाही, पोकळच ठेवायचं. आणि या वाढीव फळ्या फुकट!

दर साली दसऱ्याला मी भांडायला जायचो. फळ्या सागाच्या आहेत, अकोल्याहून आणाव्या लागतात, पुढच्या एका रांगेचं खुर्च्यांचं भाडं त्यात बुडतं. उभा राहून बोलायचो, बसून बोलायचो, पोरांच्या शपथा घ्यायचो. नानाजी मला समोर, उजेडात बसवत आणि मान तिरपी करून माझ्या तोंडाकडे एकटक पाहत. एक शब्द बोलत नसत. त्या गप्प माणसापुढे मीच घसरत जायचो. शेवटी वैतागून हात जोडले की नानाजी प्रसन्न. "मंग ठरलं. चहा घ्या."

परतीच्या गाडीत बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मी नानाजींना शिव्या देत असे आणि तिथून पुढे स्वतःला.

बाराव्या साली संगीत नाटकाची तालीम चालली होती, भर दुपारी. नानाजी मंडपाच्या तोंडाशी उभे राहून हस्तपत्रक तपासत होते. माझ्या माणसांच्या हातून त्यांच्या मागे फळ्यांची अख्खी चळत कोसळली. तबलजी दचकला, गाणारी बाई थांबली, कुत्रं पळालं. नानाजींनी पान उलटलं.

मग तबला पुन्हा सुरू झाला. नानाजी आले, वहाणा काढल्या, खुर्चीवर बसले, आणि त्यांच्या पायाची बोटं ठेक्यावर हलू लागली. एक मात्रा चुकत नव्हती. समोरच्या माणसाचं गुपित ओळखण्यावर माझं पोट आहे. मी वाकून फळीवर तळहात टेकला. लाकडातून तबला माझ्या कोपरापर्यंत चढला.

मी त्यांच्या पाठीमागे गेलो आणि कानाशी म्हटलं, "नानाजी, मंडपाले आग लागली!"

बोटं ठेका धरून होती.

समोर येऊन तेच म्हटलं. नानाजी माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मग हळूच म्हणाले, "समजलं वाटते तुमाले. गुलाबराव, बाकीच्याइचं ओठावरून उमगते. तुमच्या मिशाइनं ओठच झाकले. अकरा वर्सांत तुमचा एक शब्द नाही समजला मले."

मी दोन्ही हातांनी मिशा वर धरल्या. "मंग मान काहून तिरपी करत होते?"

"वाटे, बाजूनं काही दिसन."

मग त्यांनी सांगितलं. नोकरीची शेवटची पाच वर्षं तार त्यांनी कानानं घेतलीच नाही. यंत्राच्या टेबलावर बोटं टेकून टकटक ओळखली. "तवा सांगतलं असतं तं नोकरी गेली असती. आता सांगतलं तं सेक्रेटरीपद जाईन. भैरा मानूस संगीत नाटकं करते म्हणून लोक हसतीन."

मिशा धरूनच मी टोमणा मारला, "लोक हासलेलेच तं पायजेत ना तुमाले?"

नानाजींनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. "तारा बहुतेक मरनाच्याच येत. मानूस खिडकीपाशी उभा राहून वाचे अन् माह्यासमोर त्याचं तोंड उतरे. तसे तोंडं लय पाह्यले, गुलाबराव. आता दुसरे पाहून राह्यलो."

मी कोणाला काही बोललो नाही. हातात एवढा हुकमी पत्ता असून टाकला नाही, हे माझ्या धंद्याला शोभणारं नव्हतं.

पुढच्या दसऱ्याला मी न्हाव्याकडून मिशा उतरवल्या. दारात मला पाहून बायकोनं पदर सावरला आणि "ते घरी नाहीत" म्हणाली. तसाच अमरावतीला गेलो, नानाजींसमोर उजेडात बसलो आणि साग, वाहतूक, रांग, शपथा, अकरा वर्षांचं सगळं भाषण पहिल्यापासून केलं. नानाजींचे डोळे माझ्या ओठांवरून हलले नाहीत.

"बोलता तं तुमी झकास!" ते म्हणाले. "अजून एक डाव म्हना."

पुन्हा म्हटलं.

"अन् फळ्या?" मी विचारलं.

"त्या पायजेतच."

मी हात जोडले.

त्या सालापासून आजतागायत माझा ओठ उघडा आहे आणि बाजारात माझा धाक निम्मा झाला आहे. म्हणून विचारतो, नानाजी, पहिल्याच साली माझ्या मिशांकडे बोट दाखवून खूण केली असती, तर मी त्याच दिवशी न्हाव्याकडे गेलो नसतो का? अकरा वर्षं एकटेच का बसलात? याचा जाब द्या. पत्रानं नको. मी येतो, समोर उजेडात बसतो. तोंडानं द्या.