डोमाभाऊंचा गडवा

विमानातून उतरणाऱ्याचे पाय चिखलाने भरलेले नसतात, हे डोमाभाऊंना पटवणं ब्रह्मदेवालाही जमलं नसतं. विमान येवो न येवो, धावपट्टीच्या टोकाला दगडावर पाण्याचा गडवा रोज भरून ठेवलेला. पाहुण्याला पाय धुवायला पाणी द्यायचं, मग तो बैलबंडीतून येवो की आभाळातून.

चांदा जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या जंगलात मी तेव्हा शाळामास्तर होतो. पावसाळ्यात नदी आणि दोन नाले मिळून आमच्या गावाचं बेट करून टाकत. पोलीस ठाण्यातून बिनतारी निरोप गेला, की आजाऱ्याला न्यायला एक छोटं विमान येई. बगळ्यासारखं चार पावलं धावून उडणारं. त्याच्या पट्टीला गाव ‘विमानाचं आखर’ म्हणे, कारण एरवी तिथे गुरंच उभी असत. डोमाभाऊ तिथले चौकीदार.

रोज सकाळी ते सगळी पट्टी अनवाणी चालून तपासत. चप्पल घातली की खड्डा कळत नाही म्हणे. वारा दाखवायला बांबूवर लाल पिशवी होती, बायकोच्या लुगड्याची, स्वतः शिवलेली. एकदा तर त्यांनी वैमानिकालाच झापलं, “वळताना गवत उपटून राह्यले तुमी. बैलबी असा नाई वळत!”

मी हसलो, तर म्हणाले, “हसा गुरुजी. उतरनाऱ्याले का मालूम, खाली का हाय?”

माझ्या धानाच्या शेताची एक बांधी पट्टीला लागून होती. त्या वर्षी पाणी तुंबून धान सडायला लागलं. तेव्हा पोरांना सदाचाराचे धडे देणाऱ्या मी तिन्हीसांजेला पाणी पलीकडे काढायला गुपचूप पट्टीत आडवा चर खणला, वर गवत पसरलं आणि चिखलाचे पाय त्या गडव्यातल्या पाण्याने धुऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी चर बुजलेला. पावसाने बुजला असेल, म्हणून पुन्हा खणला. असं पाच-सहा वेळा झालं. पाऊस फारच नेमाने चर बुजवतो, एवढंच माझ्या मास्तरी डोक्यात आलं.

मग एका रात्री माझी बायको बाळंतपणात अडली. सुईणीने हात टेकले. पहाटे निरोप गेला, आणि दुपारी विमान घिरट्या घालू लागलं. सगळं गाव आखराकडे लोटलं, खाटेवर बायको कण्हत होती, आणि मला आठवलं: काल संध्याकाळीच चर खणलाय.

ओरडायला हवं होतं. पण ‘गुरुजींनी पट्टी फोडली’ हे गाव ऐकेल, या भीतीने जीभ उचललीच नाही. बायको, पोटातलं मूल, तो वैमानिक, या सगळ्यांपेक्षा मला माझी अब्रू जड झाली. मी डोळे मिटून घेतले.

विमान टेकलं, सरळ धावलं, थांबलं. चराच्या जागी मुरूम ठोकून बसवलेला होता.

बायकोला घेऊन विमान गेलं. (ती पोरीसकट परत आली. पोरगी आज माझ्याशी वाद घालते.) गर्दी पांगल्यावर डोमाभाऊ जवळ आले.

“गुरुजी, बांध वरच्या कोपऱ्यातून फोडा. उतार तिकडं हाय.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“पायाले मालूम होतं जी.”

“आणि गडवा? तोही मीच...”

“तेबी मालूम होतं.” ते दगडाकडे बघत राहिले. “दोन सालामागं माह्या बायकोले याच विमानात बसवलं. वापस आली नाई. येनार नाई हे समजते मले, येडा नाई मी. पन गडवा भरलेलाच राहे. या साली सकाळी रिकामा दिसे. बरं वाटे. कोनीतरी पाय धुतले.”

दुसऱ्या दिवशी मी बांध वरच्या कोपऱ्यातून फोडला. नाल्यात पाय धुतले. तरी परतताना आखरावर गेलो, दगडावर बसून ते स्वच्छ पाय पुन्हा धुतले, आणि गडवा रिकामा ठेवून आलो.