घाबरू नका!

"दाताला नाचवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" असं कवायत मास्तरांनी जेवताना जाहीर केलं, तेव्हा सूनबाई पहिला घास तोंडात घालत होती. तिने तो परत ताटात ठेवला.

सूनबाई दातांची डॉक्टर. तिचा स्वतःचा दवाखाना सोमवारी उघडायचा होता. बाहेरच्या खोलीत मोठा टचस्क्रीन लावायचा, त्यावर दवाखान्याच्या वेबसाइटचं पान दिवसभर उघडं ठेवायचं आणि पानावर एखादं गमतीचं अ‍ॅनिमेशन, म्हणजे पेशंटची भीती जाईल, अशी तिची योजना. दातांच्या डॉक्टरला किडलेल्या दाताची धास्ती नसते, दारातून परत फिरणाऱ्या पेशंटची असते. आणि नव्या दवाखान्याच्या दारातून तर माणसं फारच सहज परत फिरतात!

"बाबा, हे काम करून देणारी माणसं मिळतात," ती हळूच म्हणाली.

"मिळू देत की! मी ऑनलाइन कोर्स करतोय. पहिले धडे तोंडपाठ आहेत."

"आणि पुढचे?"

"पुढच्यांची गरज काय?"

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले पी.टी. शिक्षक. उभा जन्म मैदानावर हुकूम सोडण्यात गेला. कॉम्प्युटरलाही हुकूमच द्यायचे असतात आणि तो उलटून बोलत नाही, हे कळल्यापासून आपण या क्षेत्रात फार उशिरा आलो, अशी हळहळ त्यांना लागून राहिली होती.

बेत साधा होता. पडद्यावर एक टूथब्रश डावीकडून उजवीकडे ऐटीत चालत जाणार. टोकाला पोचला की चित्र पुन्हा पहिल्यापासून सुरू. मध्ये एक हसरा दात. दाताला बोट लावलं की त्याने एक उडी मारायची आणि म्हणायचं, "घाबरू नका!" आवाज अर्थात मास्तरांचाच. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला चकाट्या पिटणारं पोरगं जागच्या जागी ताठ व्हावं, असा.

पहिल्या प्रयोगाला प्रेक्षक म्हणून पत्नी हजर होत्या. मास्तरांनी बोट लावलं. दात गरजला, उडाला आणि दिसेनासा झाला.

"अहो, दात गेला कुठे?"

"वर."

"परत कधी येणार?"

"खाली ये म्हणून सांगायचं राहिलं."

"तुमची पोरं न सांगता खाली यायची ना, त्याची सवय!"

मास्तरांनी खाली येण्याचा हुकूम जोडला. दात शहाण्यासारखा जागेवर आला. मग त्यांनी स्वतःच्या अनुभवाची भर घातली. मैदानावर ते प्रत्येक फेरीच्या आधी सूचना नव्याने देत, कारण पोरं विसरतात! तोच नियम इथे. 'बोट लागलं की उडी मार आणि बोल' हा हुकूम त्यांनी चित्राच्या अगदी सुरुवातीला बसवला, म्हणजे टूथब्रशच्या प्रत्येक फेरीला दाताला आठवण राहील. पान उघडून लगेच बोट लावलं. एक उडी, एक घोषणा. चोख!

सोमवारी सकाळी पडदा सुरू झाला. टूथब्रश फेऱ्या घालू लागला. पेशंट मात्र फिरकेना. दुपार उलटली. सूनबाई आतली खुर्ची पुन्हा पुन्हा पुसत होती. खुर्चीच्या जागी माणूस असता तर गुळगुळीत झाला असता!

संध्याकाळी एक बस ड्रायव्हर आला. धिप्पाड, पण एक गाल फुगलेला. तो बाहेरच्या दाराला चिकटून बसला.

"मी फक्त चौकशीला आलोय," त्याने आधीच सांगून टाकलं.

"असू दे की. जरा दाताला बोट लावा," मास्तर म्हणाले.

"नको हो! फार ठणकतोय!"

"तुमच्या नाही, पडद्यावरच्या!"

ड्रायव्हरने जीव मुठीत धरून बोट लावलं.

आणि भिंतीतून मास्तरांची अख्खी पलटण ओरडली! "घाबरू नका! रू नका! घाब! घाबरू! नका! नका! नका!" दात तापल्या तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखा थयथयत होता. पडदा होता नेमका बाहेरच्या दाराला लागून. तिकडे जायची ड्रायव्हरची छाती होईना. राहिलं फक्त आतलं दार. तो त्यातून घुसला, खुर्चीत पडला, खुर्चीचे हात घट्ट धरले आणि ओरडला, "डॉक्टर, दार लावा! काय उपटायचं ते उपटा!"

सूनबाईने शांतपणे दार लावलं.

बाहेर मास्तरांनी पडद्याची वायर ओढली आणि डोकं धरून बसले. मग त्यांनी पान नव्याने उघडून लगेच बोट लावलं. एकच उडी! पत्नींनी आणून दिलेला चहा संपेपर्यंत थांबून लावलं. पुन्हा पलटण!

"म्हणजे हा थांबलं की बिघडतो," मास्तर पुटपुटले.

"फेरी वाढली की आवाज वाढतो," पत्नी म्हणाल्या. "दर फेरीला काय सांगता त्याला?"

"तोच हुकूम. विसरू नये म्हणून."

"आणि तो विसरत नसला तर?"

मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजाडलं. पोरं विसरायची म्हणून दहा वेळा सांगून काम एकदा व्हायचं. हे यंत्र एकही हुकूम विसरत नव्हतं. दिवसभराच्या प्रत्येक फेरीचा हुकूम त्याने जपून ठेवला होता आणि बोट लागताच सगळे एकदम पाळले होते. इतका आज्ञाधारक विद्यार्थी मास्तरांना जन्मात लाभला नव्हता, आणि देवाने लाभू दिला नाही ते बरंच केलं! त्यांनी हुकूम फेरीतून काढला आणि पान उघडताना एकदाच द्यायचा, असा बाहेर बसवला. दात सुधारला.

मंगळवारी एक शिंपी आला. त्याने दाताला बोट लावलं. एक उडी, एक "घाबरू नका!" शिंपी खुदकन हसला, आणखी दोनदा बोट लावून उठला. "खरंच, उगाच घाबरलो होतो. आता बरं वाटतंय. पुन्हा दुखलं तर बघू!" त्याच्या पाठोपाठ आलेल्या बाईंचंही तसंच. जो येई तो दाताशी खेळे, धीर धरी आणि हसत घरी जाई. आतली खुर्ची पुन्हा चकाकू लागली.

शेवटी सूनबाई बाहेर आली.

"बाबा, राग मानू नका. पण सोमवारचा तो बिघाड... परत घालता येईल का?"

मास्तर चष्मा लावून पडद्यासमोर बसले.

"अहो, आता काय करताय?" पत्नींनी विचारलं.

"चूक," मास्तर म्हणाले. "पण या खेपेला नीट विचार करून."