आजीने चावलेला त्रिकोण

“भूमिती? अगं, ती तर आपल्या ग्रीकांच्या रक्तातच आहे!” पांडेलिसने छाती फुगवून सांगितलं. फोनवर छाती दिसत नाही, पण हा थेसालोनिकीचा बसचालक ती फुगवल्याशिवाय बोलूच शकत नसे.

पलीकडे त्याची लेक इवान्थिया रडकुंडीला आली होती. उद्या परीक्षा. नापास झाली, तर नाताळात आजोळी जाणं बंद!

“बाबा, येताना दोन त्रिकोण आणा. समद्विभुज आणि समरूप. बाई म्हणतात, हातात धरले की कळतं.”

आता त्या शहरात ‘त्रिकोण’ म्हणजे क्रीम भरलेली प्रसिद्ध मिठाई; तिथे पुठ्ठा कुणाला आठवणार? पांडेलिस थेट मिठाईवाल्याकडे! “दोन त्रिकोण द्या! अगदी जुळे!”

घरी खोका उघडला. पाकात निथळणारे, क्रीमने टम्म फुगलेले दोन कुरकुरीत त्रिकोण!

“बाबा! पुठ्ठ्याचे हवे होते! आणि एक लहान, एक मोठा! लहान-मोठे असून सारखे कसे, तेच तर मला कळत नाही!”

“दुकानं बंद झाली, पोरी. पण बाजू बघ कशा—”

कर्रर्रम! देस्पिना आजीने एकाचा कोपरा उडवला होता.

“आई! तो परीक्षेचा होता!” पांडेलिस ओरडला.

“मग पास झाला. फर्मास आहे.”

पांडेलिसने सुरी उचलली. डावी बाजू तासली, तर उजवी लांब. उजवी तासली, तर डावी लांब! त्रिकोण नवरदेवाच्या टायसारखा वाकडा होत चालला. तासलेलं सगळं आजीच्या पोटात जात होतं.

“थांबा!” इवान्थियाने पट्टी ठेवली. “शेजारच्या त्रिकोणाकडे बघून, त्याच्या कडांना समांतर कापा. हं... आता खालची.”

उरला चिमुकला त्रिकोण. तिने कोनमापक लावला. आधी लहानग्याला, मग मोठ्याला. पुन्हा लावला.

“बाबा... कोन तेच आहेत! हा नुसता लहान झालाय! समरूप म्हणजे हेच!” आणि तिने बापाच्या गळ्यात क्रीमने बरबटलेले हात टाकले.

इवान्थिया झोकात पास झाली. फक्त ‘लहान त्रिकोण कसा मिळाला?’ यापुढे तिने लिहिलं होतं, ‘आजीने चावल्यामुळे.’ बाईंनी शेरा मारला : ‘हे कारण भूमितीत चालत नाही.’

आजोळची बॅग भरताना पांडेलिसची छाती पुन्हा फुगली. “म्हटलं नव्हतं? आपल्या रक्तातच आहे!”

“रक्तात कसली रे,” आजी म्हणाली, “माझ्या दातांत आहे. आणि तेही कवळीच्या!”