पांढऱ्या पँटीचा गुडघा

"हा डाग संध्याकाळच्या आत निघाला पाहिजे," सासरे दबक्या आवाजात म्हणाले. "आणि घरात कुणाला कळता कामा नये."

"हो, सर!" जावई टाचा जुळवून म्हणाला.

सासरे शाळेत त्याचे पीटीचे मास्तर होते. पुढे त्याने त्यांच्याच मुलीशी लग्न केलं, टक्कल पडलं, पोट सुटलं. पण सरांनी घसा खाकरला की ते पोट आजही आपोआप आत जाई.

सरांच्या पांढऱ्या ट्रॅकपँटच्या गुडघ्यावर गवताचा हिरवा फराटा होता आणि मधोमध एक लालसर ठिपका. गरम पाण्याने सगळं निघतं, अशी जावयाची भाबडी समजूत. त्याने उकळतं पाणी ओतलं. हिरवा रंग जागचा हलला नाही आणि लाल ठिपका शिजून तपकिरी झाला. घाबरून त्याने ब्लीच ओतलं, तर भोवतीचं चांगलं कापडच पिवळं पडलं. टूथपेस्ट घासली, तिचा वास तेवढा लागला. आता बिचाऱ्याला दरदरून घाम फुटला.

जिन्यात सरांची पावलं वाजली आणि त्याला शाळेतली युक्ती आठवली. गणवेश तपासणीच्या दिवशी डाग लपवायला अख्खा वर्ग जे करायचा, तेच त्याने केलं. इस्त्रीने गुडघा घाईघाईने वाळवला आणि लेकीच्या फळ्याचा खडू त्यावर फासला.

सरांनी पँट उजेडात धरली.

"खडू? सातवीतही तू हेच केलं होतंस. मग मैदानाला फेऱ्या मारल्या होत्यास. आठवतंय?"

"आठवतंय, सर."

तेवढ्यात बायको कामावरून आली. ती फिजिओथेरपिस्ट. वडिलांच्या दुखऱ्या गुडघ्यामुळे तिने त्यांचं पळणं सक्त बंद केलं होतं. सरांनी पँट झटकन जावयाच्या हातात कोंबली आणि स्वतःच सावधान उभे राहिले. सरसुद्धा कुणाला तरी टरकतात, हे जावयाला आयुष्यात पहिल्यांदाच कळलं.

बायकोने पँट घेऊन थापटली. खडूचा धुरळा उडाला.

"हे रक्त आहे. कोण पडलं?"

सरांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला. जावयाला त्यांची दया आली.

"मी. पळायला गेलो होतो."

"बाबांच्या पँटीत? तू मावलास यात?"

"म्हणून तर पडलो."

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. तिला अगदी भरून आलं.

"अरे, किती वर्षं मागे लागलेय मी तुझ्या! बाबा, उद्यापासून याला मैदानावर न्या. पण तुम्ही पळायचं नाही हं, नुसती शिट्टी वाजवायची."

"बरं बाई," सर पडेल आवाजात म्हणाले.

ती आत वळली. सरांनी खिशातून शिट्टी काढली, सदऱ्याला पुसली आणि जावयाला आपादमस्तक न्याहाळलं.

"उद्या पहाटे," ते हळूच म्हणाले. "आणि पँट काळी घाल."